भास्करनानांचा सातवा प्रश्न

भास्करनानांच्या हाती एखाद्या कंपनीचा वार्षिक अहवाल आला की ते सर्वप्रथम त्याची पुढची पाने फाडतात. हे काम ते रागाने करीत नाहीत. शिवणीच्या कडेला स्टीलची पट्टी ठेवतात, पान तिच्यावर दाबतात आणि शिंप्याने मांजरपाट फाडावे तसे एका दमात, सरळ रेषेत फाडतात. या पानांवर कारखान्याची रंगीत छायाचित्रे असतात, सूर्योदयाकडे पाहणारी लहान मुले असतात आणि अध्यक्षांचा हसरा चेहरा असतो. "इथपर्यंत जाहिरात," नाना म्हणतात. "कंपनी इथून पुढे सुरू होते."

फाडलेली पाने वाया जात नाहीत. कागद जाड आणि गुळगुळीत असल्यामुळे ती स्वयंपाकघरातील फळ्यांवर अंथरली जातात. त्यामुळे नानांकडे चहासाठी साखरेचा डबा उचलावा, तर खालून कोणीतरी अध्यक्ष आपल्याकडे पाहून हसतो.

माझा परिचय थोडक्यात देतो. मी गणिताचा शिक्षक. जामनेरच्या शाळेत तेहतीस वर्षे शिकवून निवृत्त झालो आणि तीन वर्षांपूर्वी जळगावात मेहरूणला राहायला आलो. नानांच्या आणि माझ्या घरात एकच भिंत आहे. नाना मूळचे धुळ्याकडचे. त्यांची सारी नोकरी एका सूतगिरणीच्या हिशेब खात्यात गेली. वय चौऱ्याहत्तर. अपत्य नाही. त्यांच्या पत्नी शांताबाई मी येथे येण्याच्या दोन वर्षे आधी वारल्या, त्यामुळे त्यांना मी पाहिलेले नाही.

दररोज सायंकाळी सहाच्या सुमारास भिंतीपलीकडून नानांचा आवाज येऊ लागतो. ते अहवालातील, आकड्यांखाली बारीक अक्षरांत छापलेल्या टिपा मोठ्याने वाचतात. इंग्रजी वाक्य वाचून त्याचा मराठीत अर्थही सांगतात. प्रत्येक टिपेनंतर ते थोडे थांबतात आणि मग पुढची घेतात. आरंभी मला वाटले, फोनवर कोणाला तरी समजावून सांगत असावेत. पुढे वाटले, पाठांतर असावे. शिक्षकाला दुसऱ्याच्या मोठ्याने वाचण्याचे कारण नेहमी परीक्षाच वाटते.

नानांना धडधाकट कंपनीत मुळीच रस नाही. "तिला काय बघायचं? ती जेवते, झोपते," एवढे म्हणून ते तिचा अहवाल बाजूला सारतात. त्यांचे लक्ष आजारी कंपन्यांकडे. भाव कोसळला आहे, वर्तमानपत्रात चार ओळी आल्या आहेत, लोक 'आता स्वस्त मिळतो' म्हणून घ्यायला निघाले आहेत, अशा वेळी नाना चष्मा पुसायला घेतात. गल्लीतील निम्मी माणसे त्यांच्याकडे सल्ल्यासाठी येऊन गेली आहेत. सल्ला एकाच शब्दाचा असतो: "नको." तीन वर्षांत त्यांनी माझ्यासमोर चाळीसएक कंपन्या तपासल्या असतील, स्वतः एकही घेतली नाही.

"नाना, इतकं तपासता, मग घेत का नाही?" मी एकदा विचारले.

"गुरुजी, डॉक्टर सगळ्या पेशंटांशी लग्न करतो का?"

"म्हणजे तुमच्याकडे शेअर एकही नाही?"

"एक आहे. जुना," ते म्हणाले आणि टीप क्रमांक अठराकडे वळले.

या तपासणीची सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली आहे की माणसे आणि समारंभही तिच्यातून सुटत नाहीत. माझ्या पुतण्याच्या लग्नाला मी त्यांना जामनेरला नेले होते. मांडवाची झुंबरे, घोडा, आइस्क्रीमचे चार प्रकार हे सर्व पाहून झाल्यावर नानांनी वधुपित्याला बाजूला घेतले आणि अत्यंत आपुलकीने विचारले, "भाऊ, यातली चालू देणी किती?" वधुपित्याला प्रश्न कळला नाही, परंतु त्याचा चेहरा पडला. "बघा," नाना परतीच्या वाटेवर म्हणाले, "उत्तर मिळालं."

आता मूळ प्रसंगाकडे येतो. गेल्या उन्हाळ्यात नाशिकहून माझ्या जावयांचा फोन आला. शेतीचे पंप तयार करणारी एक जुनी कंपनी आहे, तिचा कारखाना धुळ्याच्या अलीकडे महामार्गावर आहे, शेअरचा भाव एकशे चाळीसवरून नऊ रुपयांवर आला आहे, आणि लवकरच तो तिप्पट होणार आहे, अशी त्यांची खात्री. कंपनीचे नाव मी देत नाही. आजाऱ्याचे नाव चारचौघांत घेऊ नये, हा नानांचाच दंडक. माझ्या निवृत्तीच्या रकमेतले तीन लाख रुपये बँकेत पडून होते. घरावर एक खोली चढवावी, म्हणजे लेक-जावई आले की अवघडून राहणार नाहीत, असे आमच्या मनात होते. पण तीन लाखांत खोली होत नव्हती, नऊ लाखांत होत होती. इतका सोपा गुणाकार कोणत्याही गणिताच्या शिक्षकाला मोहात पाडील.

मी कंपनीचे नाव सांगताच नानांनी हातातली कपबशी खाली ठेवली. "तिचं काय काढलंत?" ते म्हणाले. मग आत जाऊन त्यांनी त्याच कंपनीचा ताजा अहवाल आणला. या अहवालाची पुढची पाने फाडलेली नव्हती. माझ्या हे लक्षात आले होते; मी त्याचा अर्थ लावला नाही, एवढेच.

पुढील आठवडाभर त्यांनी मला शिकवले, आणि मी तेहतीस वर्षांनंतर प्रथमच बाकावर बसलो. नानांची पद्धत सहा प्रश्नांची आहे. पहिला प्रश्न ते नेहमी आपल्या बोलीत विचारतात: "नफा शे, मंग पैसा कोठे शे?" कागदावर नफा दिसत असताना कामकाजातून रोकड येत नसेल, तर तो नफा उत्तरपत्रिकेतील खाडाखोडीसारखा समजावा. आमच्या कंपनीला नफा होता. रोकड आलेली नव्हती. दुसरा प्रश्न उधारीचा: गिऱ्हाइकांकडून पैसे किती दिवसांनी येतात, आणि ते दिवस वर्षागणिक वाढत आहेत का? वाढत होते.

तिसरा प्रश्न व्याजाचा. तो समजावताना नानांनी दुधाचे पातेले आणि मांजर घेतले. "रतीब किती आला, हा कंपनीचा नफा. मांजर म्हणजे बँक. ती आधी पिणार. ती पिऊन उरलं तर तुमचं. आता मला सांगा, मांजर एक लिटर पिते आणि दूध सव्वा लिटर येतं. एक दिवस गवळी नाही आला, तर?"

"तर मांजर उपाशी राहील."

"मांजर उपाशी राहत नसते, गुरुजी. ती पातेलं घेऊन जाते."

चौथा प्रश्न मालकाने आपले शेअर गहाण ठेवले आहेत का. पाचवा, कंपनीने घरच्याच माणसांच्या दुसऱ्या कंपन्यांना पैसे दिले आहेत का. सहावा, हिशेब तपासनीस मध्येच सोडून गेला आहे का. "रोगी दगावणार हे कळलं की कुटुंबाचा डॉक्टर आधी गावाला जातो," नाना म्हणाले. या तिन्हींची उत्तरे त्यांनी मला टिपांतून शोधायला लावली. मी शोधली. सहापैकी सहा प्रश्नांत कंपनी नापास झाली होती.

मी पेन खाली ठेवले आणि 'नको' या शब्दाची वाट पाहू लागलो.

"उद्या धुळ्याची गाडी धरू," नाना म्हणाले. "रोगी समोर बघितल्याशिवाय बोलू नये."

सकाळच्या बसने आम्ही निघालो. एरंडोल गेले, पारोळा गेले. धुळे जवळ येऊ लागताच नाना खिडकीकडच्या आसनावरून उठले आणि मला तेथे बसवून स्वतः वाकून बाहेर पाहू लागले. कारखान्याचे फाटक दिसले तेव्हा त्यांनी घंटी वाजवण्याची विनंती कंडक्टरला इतक्या मोठ्याने केली की मागची एक बाई पिशवी उचलून उभी राहिली.

नानांची प्रत्यक्ष पाहणी फाटकाबाहेरच होते. आत गेले की रंगीत पाने दाखवतात, असे त्यांचे मत. फाटकासमोर रफिकचाचांची चहाची टपरी होती. नानांना पाहताच चाचांनी फडके खांद्यावर टाकले. "या नाना! लई दिवसांनी. काकू कुठं..." एवढे म्हणून ते थांबले आणि गाळणी धुऊ लागले. "दोन कट चहा देतो," ते पुढे म्हणाले.

नानांनी आधी सायकली आणि मोटारसायकली मोजल्या. पत्र्याची शेड दोनशे गाड्यांची, उभ्या एकतीस. मग त्यांनी मला वजनकाटा दाखवला. मालाचा ट्रक आत जाताना आणि बाहेर पडताना ज्या लोखंडी फळीवर उभा राहतो, तो हा काटा. फळीच्या चारही बाजूंच्या फटींतून हातभर गवत वर आले होते.

"गुरुजी, हे कोणत्या टिपेत लिहिलंय?"

"कोणत्याच नाही."

"म्हणून तिकीट काढून यावं लागतं."

मग चाचांकडे वळून त्यांनी विचारले, "बिस्किटं कशी खपतात?"

"बिस्किट बंद झालं, नाना. पहिले पाळी सुटली का दोन पुडे घ्यायचे, चहात बुडवायचे. मंग एक पुडा चौघांत. आता नुसता चहा, तोबी लिहून ठेवा म्हणतात."

नानांनी मान हलवली, खिशातून पैसे काढले आणि बराच वेळ कारखान्याच्या भिंतीकडे पाहत उभे राहिले. "इथे भोंगा वाजायचा," ते म्हणाले. "हिचं माहेर धुळ्याचं. बस इथे चहाला थांबली आणि भोंगा वाजला की ही म्हणायची, माहेर आलं."

परतीच्या बसमध्ये ते बोलत राहिले. मी शांताबाईंविषयी त्यांच्या तोंडून इतके कधी ऐकले नव्हते. बाई चौथीपर्यंत शिकलेल्या. सायंकाळी लसूण सोलायला बसत आणि नाना समोर अहवाल वाचत. सहा प्रश्न नानांचे. वाचून झाले की बाईंचा एक असे.

"म्हणजे सातवा?"

"सातवा. माझ्या गिरणीतल्या साहेबालाही सुचला नसता." नाना हसले. "लोकेस्ना पगार व्हयनात का? बस, एवढंच. मी म्हणायचो, अगं, पगार झाले का, हा आकडा असा वेगळा नसतो. ती म्हणायची, मग बाकीचे आकडे कशाला वाचता?"

जळगाव आले. मी उतरताना विचारले, "मग नाना, माझ्या तीन लाखांचं काय? नकोच ना?"

नाना पायऱ्यांवर थांबले. "कंपनीच्या वार्षिक सभेपर्यंत थांबा," ते म्हणाले. "महिनाभर आहे. अध्यक्ष काय सांगतात ते ऐकू."

 सहांपैकी सहा चुकलेल्या विद्यार्थ्याला नानांनी पहिल्यांदाच पुढच्या परीक्षेला बसू दिले होते. हे मी जावयांना कळवले, तेव्हा त्यांनी त्याचा अर्थ होकार असा लावला. त्यात भाव नवाचा अकरा झाला. "तुमचे नाना विचार करेपर्यंत पंधरा होईल, पप्पा," जावई म्हणाले. मी बँकेत जाऊन पैसे काढण्याचा अर्जही भरून ठेवला. फक्त सही राहिली होती.

मधल्या दिवसांत एकदा नानांकडे फळीवरचा डबा काढताना मागे पाकिटांचा एक गठ्ठा दिसला. पांढऱ्या दोऱ्याने बांधलेला, एकही पाकीट न फोडलेले. वर त्याच कंपनीचा शिक्का. "नाना, ही पत्रं?"

"फॉर्म भरायचा राहिलाय. स्मरणपत्रं पाठवतात."

"एवढी?"

"ती टीप आहे. नंतर वाचू," असे म्हणून त्यांनी साखरेचा डबा त्या गठ्ठ्यापुढे पुन्हा ठेवून दिला. दुसऱ्यांच्या टिपा उकरून काढणारा हा माणूस आपली टीप साखरेमागे ठेवतो, याची मला गंमत वाटली.

सभा आता पूर्वीसारखी सभागृहात होत नाही. भागधारकांनी घरूनच संगणकावर हजर राहायचे असते आणि ज्याला बोलायचे असेल त्याने आधी नाव नोंदवायचे असते. नानांनी ते काम बाजारातल्या इंटरनेटच्या दुकानात जाऊन स्वतः उरकले होते. माझ्याकडून त्यांना केवळ संगणक हवा होता. सभेच्या दिवशी सकाळी साडेदहाला ते माझ्याकडे आले. अंगात लग्नसमारंभाचा काळा कोट, गळ्यात टाय, आणि खाली पट्ट्यांचा पायजमा. "पडद्यावर वरचीच बाजू दिसते," त्यांनी मला समजावले. "खालची टीप."

त्यांनी आपला भागधारक क्रमांक एका बोटाने स्वतःच टंकला. मला तिकडे पाहू दिले नाही. हातात घडी केलेला कागद होता. त्यावर सहाही प्रश्न ठळक अक्षरांत लिहिलेले. प्रत्येक वक्त्याला तीन मिनिटे होती आणि नानांनी घरी घड्याळ लावून सराव केला होता.

अध्यक्ष तरुण होते. पूर्वीच्या अध्यक्षांचे चिरंजीव असावेत. ते भाषण वाचून दाखवत होते, आणि नाना प्रत्येक वाक्याला "जाहिरात" असे पुटपुटत होते. मग वक्त्यांची पाळी आली. पाच-सहा जण बोलले. एकाने अध्यक्षांना वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. मग सूत्रसंचालिकेचा आवाज आला:

"पुढील वक्त्या, शांताबाई भास्कर सोनवणे. आपण सभेत आहात का?"

मी नानांकडे पाहिले. नाना उठून उभे राहिले. पडद्यावरच्या चौकटीतून कोट गेला आणि पायजम्याची नाडी आली.

"हजर," ते म्हणाले.

तेहतीस वर्षे मी हजेरी घेतली. गैरहजर मुलाच्या नावाला दुसऱ्याने ओ दिली, तर मी ती आवाजावरून ओळखत असे आणि ओ देणाऱ्याला दिवसभर उभे करीत असे. त्या नियमाला मी कधी अपवाद केला नाही. येथे हा माणूस आपण होऊनच उभा होता. मी नजर खाली घातली.

"सर, मॅडम बोलणार आहेत का?" सूत्रसंचालिकेने विचारले.

"प्रश्न त्यांचा आहे. मी विचारतो." नानांनी हातातला कागद होता तसा कोटाच्या खिशात ठेवला. "अध्यक्ष महाराज, कामगारांचे पगार झाले का?"

 अध्यक्षांनी शेजारी पाहिले; शेजारच्यांनी कागद चाळले. मग तो तरुण कागद न पाहता बोलला. "नाही, सर. तीन महिन्यांचे बाकी आहेत. कधी देऊ, ते आज मला सांगता येत नाही."

"खरं बोललात," नाना म्हणाले. "तुमचे वडीलही बोलायचे."

"या प्रश्नाचे सविस्तर उत्तर लेखी पाठवण्यात येईल," सूत्रसंचालिका म्हणाली.

"कोणाच्या नावे?"

"आमच्या नोंदीत जे नाव आहे त्याच नावे, सर. मॅडमच्या."

"बरं," नाना म्हणाले आणि बसले. त्यांची दोन मिनिटे उरली होती.

मी संगणक बंद केला.  "लग्नानंतरच्या पहिल्या बोनसमधून हा शेअर घेतला होता," नाना म्हणाले. "एकच. भोंग्याची कंपनी म्हणून तिच्या नावावर."

"नाना, नोंद बदलायला हवी होती."

"फॉर्म आणून ठेवलाय. दाखला आहे, साक्षीदारांच्या सह्या आहेत." ते टायची गाठ सैल करू लागले. "रेशनकार्ड, बँक, गॅस, मतदार यादी, सगळीकडून नाव कमी केलं, गुरुजी. वेळेत. पावत्या घेऊन. हे एक ठिकाण राहिलं. वर्षातून एकदा पोस्टमन दारात येऊन तिचं नाव घेतो. फॉर्मचा पहिला रकाना आहे मयताचं नाव. तिथे लिहायला गेलं की माझं पेन उमटत नाही."

मी गणिताचाच प्रश्न विचारला. "कंपनी किती दिवस चालेल?"

"दोन अहवाल निघतील. फार तर तीन." त्यांनी हा हिशेब आधीच केलेला होता. मग ते माझ्याकडे वळले आणि त्यांचा आवाज नेहमीसारखा झाला. "तुमचे तीन लाख. नको. अजिबात नको."

"पण नाना, चार लोकांनी पैसे घातले तर कदाचित ती..."

"तगणार नाही. आणि तगावी म्हणून तुमची खोली मी त्यात टाकणार नाही. उत्तर सहा प्रश्नांतच मिळालं होतं. सभेपर्यंत थांबा म्हणालो, ते चुकलं माझं. जावईबापूंना सांगा, या केसमध्ये मी रोग्याचा नातेवाईक होतो. नातेवाइकानं निदान करू नये."

त्याच दुपारी मी बँकेतला अर्ज परत घेऊन फाडला. पट्टी लावून, सरळ रेषेत.

सायंकाळी सहाला भिंतीपलीकडून वाचन सुरू झाले. टीप एकोणीस, टीप वीस. प्रत्येक टिपेनंतरची ती शांतता तीन वर्षे मी ऐकत आलो होतो आणि नाना श्वास घेण्यासाठी थांबतात असे धरून चाललो होतो. त्या दिवशी मी ती प्रथमच मनात आकडे मोजून पाहिली. लसूण सोलणाऱ्या एखाद्या बाईला मान वर करून चार शब्द विचारायला जेवढा वेळ लागेल, बरोबर तेवढी ती भरली.

शेवटची टीप संपली. ती शांतता पुन्हा झाली. आणि मग नानांचा आवाज आला, वाचनाचा नव्हे, घरातल्या माणसाशी बोलण्याचा:

"नही व्हयनात वं. तीन महिनाना बाकी शेतस."